हळर्णच्या घरातली पांढरी भिंत

घरं सजवण्याच्या धंद्यात पडल्यापासून मला एक कळलंय, की माणूस डॉक्टरला सांगत नाही ते घर करून देणारीला सांगतो. डिचोलीच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर माझी दोन खोल्यांची कचेरी आहे. तिथे बसून लोकांनी माझ्याकडे काय काय मागितलं हे सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, बाई थापा मारतेय.

सुर्ल्याच्या एका ट्रकमालकाला दारावर बेल नको होती, ट्रकचा हॉर्न हवा होता. खाणीवर पहिल्यांदा चाललेल्या त्याच्या ट्रकचाच, दुसरा नाही. मी तो बसवून दिला. पहिला पाहुणा आला आणि शेजारणीच्या हातातली कढई खाली पडली. वाळपईच्या एका शिक्षिकेनं सत्तर हजारांचं आधुनिक स्वयंपाकघर करून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "ह्यात माझो रगडो खंय बसतलो?" खोबरं वाटायचा तो दगडी रगडा. मिक्सरचं वाटण तिच्या नवऱ्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. मग चकचकीत कपाटांच्या ओळीत एक जागा जमिनीलगत मोकळी सोडली. आजही ती तिथे पाटावर बसून वाटते, वर धूर ओढणारी चिमणी घरघरत असते. एका जोडप्यानं तर मला वेगवेगळं गाठून एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे दुसऱ्याला ऐकू न येणारी खोली. ह्या सगळ्या मागण्यांना मी हसले, पण पुऱ्या केल्या. माझ्या तोंडाचा पट्टा जोरात चालतो, तरी दिलेला शब्द मी पाळते, अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती. हळर्णच्या एका म्हाताऱ्यानं ती समजूत उतरवली.

घर साधंच होतं. चिऱ्यांच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, पुढे बलकांव म्हणजे छपराखालचा बसायचा ओटा, पाठीमागे माडांची रांग. मुलगा पणजीला सरकारी नोकरीत, सून पेडण्याच्या शाळेत. दोघांनी मिळून घर आतून नवं करायचं ठरवलं होतं. म्हातारा, म्हणजे मुलाचा बाप, आयुष्यभर शेती केलेला. सगळे त्याला आबा म्हणत, मीही म्हणू लागले. मी मापं घ्यायला लागले तर हा बलकांवातल्या कदेलवरून, म्हणजे खुर्चीवरून, उठला आणि काही न विचारता फीतपट्टीचं दुसरं टोक धरून माझ्याबरोबर फिरू लागला. टोक धरलेला त्याचा हात थरथरत होता, त्यामुळे पट्टीही थरथरत होती. मला माप नीट वाचता येईना. मी मनात चरफडले आणि तीच मापं पुन्हा घेतली.

हॉलमधल्या पूर्वेच्या भिंतीपाशी आल्यावर तो थांबला. म्हणाला, "बाय, एक सांगू? ही भिंत माका सोड. हिका चुनोच लाव. दुसरो रंग नको."

ती त्यांच्या गणपतीची भिंत होती. आमच्या डिचोलीच्या घरात गणपतीच्या मागे कापडी पडदा लागतो, त्यामुळे हे प्रकरण मला ऐकून ठाऊक, पाहून नाही. पेडण्याकडे आणि पलीकडे सावंतवाडीच्या बाजूला चवथीच्या आधी गणपतीमागची भिंत चुन्यानं पांढरी करतात आणि तिच्यावर चित्र काढतात. शेषावरचा विष्णू, नदी, कमळं, मोर, जे ज्याला येतं ते. पुढल्या वर्षी त्यावर पुन्हा चुना, पुन्हा नवं चित्र. आबा ह्या कामातला नावाजलेला होता. एकेकाळी वाड्यावरच्या आठ घरांच्या भिंती तो एकटा चितारायचा. मग लोकांनी छापील फ्लेक्स लावायला सुरुवात केली आणि एकेक घर गळत गेलं. त्याच्या हाताला कापरं भरलं ते त्याच सुमारास. राहिली होती फक्त स्वतःच्या घरची भिंत, आणि आदल्या वर्षी तो आजारी पडल्यामुळे तीही कोरी राहिली होती.

"ह्या वर्सा बघूचा आसा माका," तो म्हणाला, "हात आसा काय गेलो. लोकांच्या भिंती गेल्यो तर गेल्यो. घरची गेली तर मगे मी कसलो चितारी?"

"सोडतंय, आबा," मी म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं की तेव्हाच संशय यायला हवा होता. त्याला नाही, मला.

निघताना मुलगा मला गाडीपर्यंत सोडायला आला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "मॅडम, त्या भिंतीचा मनार घेव नकात. बाबांका आता चितारूक जमणा नाय. जेवताना वाटी धरूक गावणा नाय, कुंचलो खंयचो धरतले? मी फ्लेक्स सांगितलंय. तुम्ही धुता येता तो रंग मारा, टीव्ही थंयच लावया."

मुलगा वाईट नव्हता. बापाची फजिती बापाच्याच डोळ्यांसमोर होऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं. दोष त्याच्यावर ढकलून मोकळी होणार नाही, कारण खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटलं. गुळगुळीत, दुधासारख्या पांढऱ्या भिंतीवर टीव्ही, खाली सागवानी फळी, बाजूनं लपवलेले दिवे, असं चित्र माझ्याही डोक्यात तयार होतं आणि त्यात चुन्याची भिंत मला खुपत होती. म्हणजे चित्राचा हट्ट मलाही होताच. फक्त माझ्या चित्राला मी डिझाइन म्हणत होते.

काम सुरू झालं तेव्हा धुळीचा त्रास नको म्हणून आबाला सावंतवाडीला मुलीकडे पाठवलं. दोन महिन्यांत घर ओळखू येणार नाही असं झालं. पूर्वेच्या भिंतीवर आधी लांबी म्हणजे पुट्टी, मग उत्तम प्रतीचा, डाग न धरणारा, ओल्या फडक्यानं पुसला की लख्ख होणारा रंग. टीव्ही तेवढा चवथीनंतर लावायचं ठरलं.

आबा परत आला त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते, कौतुक ऐकायला. त्यानं सगळं घर बघितलं, नळ सोडून बघितला, मग पूर्वेच्या भिंतीपाशी गेला. तिच्यावरून पालथा हात फिरवत म्हणाला, "चुनोच मारलंस मां?"

सून स्वयंपाकघरात होती, मुलगा जनेलाच्या गजांतून बाहेर बघत होता. मी म्हटलं, "होय, आबा. चुनोच. आता चुनो असोच गुळगुळीत येता."

अशी मी चक्क खोटं बोलले. म्हातारा खूष झाला. "बरो मारलंस," म्हणाला, आणि त्यानं मला घरच्या सोलांचं सरबत प्यायला लावलं. ते मी प्यायलेसुद्धा.

श्रावण सरत आला तेव्हा एका सकाळी सुनेचा फोन आला. आवाज बसलेला. तिनं सांगितलं ते असं. आबानं चार दिवसांपूर्वी रंग कालवले. काव, नीळ, पिवडी आणि काजळ, प्रत्येकाची करवंटी वेगळी, सगळ्यांत खळ घातलेली. घरात कोणी नसताना शेषाची पहिली वेटोळी काढायला घेतली. रेघ ओढली की तिचे थेंब व्हायचे आणि थेंब खाली ओघळायचे. त्यानं पुसून पुन्हा काढली. खळ कमी पडली वाटून जास्त घातली. तीन दिवस हेच. भिंत दरवेळी पुसून लख्ख होत होती, रंगाच्या कंपनीनं म्हटल्याप्रमाणेच. चौथ्या दिवशी त्यानं सुनेला सांगितलं, "हात गेलो गे माझो. रेघ धरूक जमणा नाय." आणि आपले सगळे कुंचले न्हाणीच्या चुलीत घातले.

"काल रातचे जेवूक नाय," ती म्हणाली. "कोणाकडे बोलणत नाय. मॅडम, तुम्ही तरी काय सांगा त्यांका. तुमचा आयकतत ते."

मी फोन ठेवला. समोर एका गिऱ्हाइकाला पडद्यांचे नमुने दाखवायचे होते, ते तसेच पसरून ठेवले आणि गाडी काढली. वाटेत स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. चूक झाल्याचं दुःख असतं, पण हे तसं नव्हतं. एक माणूस माझ्या खोटेपणामुळे स्वतःच्या हातावरचा विश्वास गमावून बसला होता, आणि तो मला दोष देत नव्हता हे जास्त लागत होतं. नुसतं गप्प बसले असते तर कुणालाच कधी कळलं नसतं. चवथीला फ्लेक्स लागला असता, आबा "हात गेलो" म्हणत राहिला असता आणि सगळ्यांनी "वय झालं" म्हणून मान हलवली असती.

तो बलकांवात बसला होता, दोन्ही हात मांडीवर पालथे घालून. मी समोरच्या पायरीवर बसले. प्रस्तावना करायची सवय आहे मला, पण त्या दिवशी सुचली नाही.

"आबा, हात नाय गेलो तुमचो. भिंत गेली. ती मी घालयली."

त्यानं माझ्याकडे बघितलं. कळलं नव्हतं. मग मी सगळं सांगितलं, रंग कसला, त्यावर पाणी का टिकत नाही, आणि चुना म्हणून मी कशी थाप मारली. मुलाचं नाव मात्र घेतलं नाही. ते घेण्याचा हक्क मला नव्हता.

"म्हंजे रेघ मोडली ती..." तो म्हणाला.

"रंगामुळे मोडली. तुमच्या जाग्यार दुसरो कोण आसतो तरी मोडली आसती."

त्यानं मांडीवरचे हात उलटे करून बघितले. आतून सून दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं म्हातारा आता रडेल, आणि तो रडला तर आपणही रडू. पण तो एकदम भडकला. इतका, की कदेल मागे सरकली.

"तू माका फटयलंस! आणि माझे कुंचले? ते मी जाळून घातलंय ना!" त्याचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला असणार. "ऊठ! न्हंयच्या काठार केगदी आसा. मुळी घेवन ये. आत्ताच्या आत्ता!"

त्याचा तो आरडाओरडा ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. सुनेलाही वाटलं असावं, कारण ती पदर तोंडाला लावून आत पळाली.

केगदी म्हणजे केवडा. त्याच्या जाड मुळीचं टोक दगडानं ठेचलं की आतले धागे सुटे होतात आणि कुंचला तयार होतो, चुन्याला मोठा, चित्राला बारीक. हे सांगायला सोपं आहे. केगदीच्या पानांना दोन्ही कडांनी काटे असतात. मी कोयता घेऊन नदीकाठच्या चिखलात शिरले, कोपरापर्यंत ओरबाडून घेतलं, आणि मग दुपारभर अंगणात दगडावर मुळ्या ठेचत बसले. पाच कुंचल्यांपैकी दोन आबानं पसंत केले. बाकीच्या तिन्हींकडे बघून म्हणाला, "ह्यो म्हशी धुवूक बऱ्यो."

दुसऱ्या दिवशी मी माझी दोन माणसं आणली आणि भिंत खरवडायला घेतली. मुलगा संध्याकाळी घरी आला तेव्हा नव्या सोफ्यावर पांढरी भुकटी बोटभर साचली होती. तो दारात बूट न काढता उभा राहिला. मला वाटलं, आता हा बोलणार. तो बापाकडे बघत होता. आबा खरवडणाऱ्यांच्या पाठीशी उभा राहून "हळू, हळू, गिलावो काढशात" म्हणून ओरडत होता. मुलानं बूट काढले, बाह्या सरसावल्या आणि भुकटीची बालदी उचलून बाहेर नेली. त्या विषयावर आम्ही दोघं आजपर्यंत एक अक्षर बोललेलो नाही.

चुन्याचे तीन हात दिले. हवा इतकी दमट की चुना वाळेना. दोन पंखे आणि लग्नमांडवातले मोठे दिवे आणून भिंतीसमोर लावले. भिंतीला ताप आलाय असं समजून सगळे येताजाता तिला हात लावून बघत होते. चवथीला चार दिवस उरले तेव्हा आबा म्हणाला, "झाली."

त्यानं कुंचला कावेत बुडवला. आम्ही तिघं मागे उभे. हात कापत होता, ह्यात काही खोटं नाही. मुलगा म्हणाला होता ते खरंच होतं. कुंचला भिंतीला लागेपर्यंत हवेतच चार वेळा हलला. मग लागला आणि रेघ निघाली. नागमोडी, जाडबारीक, मध्ये एकदा घसरलेली. पण चुन्यानं ती पिऊन टाकली. जिथे ओढली तिथे राहिली. आबा एक पाऊल मागे आला, मान तिरकी करून त्या रेघेकडे बघितलं आणि म्हणाला, "वाकडी आसा."

मुलगा पुढे होऊन दिवा जरा जवळ सरकवू लागला.

"पण आसा," तो म्हणाला आणि पुन्हा कावेत कुंचला बुडवला.

तीन दिवस तो चितारत होता. शेषाचे फणे सातऐवजी सहाच झाले, कारण जागा पुरली नाही. विष्णूचा एक डोळा जरा वर गेला. पण खालच्या नदीच्या लाटा अशा उतरल्या, की सून म्हणाली, इतकी वर्षं बाबा काढताहेत, पाणी कधी असं हललं नव्हतं. आबानं हे कौतुक मुकाट्यानं ऐकून घेतलं, आणि मग उरलेल्या दोन बाजूंनाही लाटाच काढल्या.

उजव्या कोपऱ्यात खाली त्यानं वीतभर जागा कोरी सोडली होती. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात कुंचला देऊन म्हणाला, "थंय पोपट काढ. तू शिकलेली मगे."

मी रंगशास्त्र शिकलेय. कुठल्या रंगाशेजारी कुठला ठेवावा ह्यावर लोकांना तासभर बोलून दाखवते. हिरवा करायला पिवडी संपली होती, म्हणून मी स्वयंपाकघरातून हळद आणून निळीत कालवली. पोपट सुरेख हिरवा झाला. पाच मिनिटांत चुन्यानं हळदीला गाठलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तो तांबूस पडत गेला. चुना-हळद एकत्र आली की काय होतं हे कुंकू लावणाऱ्या बाईला ठाऊक नसावं! आबा हसून हसून खोकायला लागला. त्याला पाणी द्यावं लागलं.

चवथीला मी हळर्णला गेले. घरचा गणपती सोडून दुसरीकडे गेले म्हणून माझ्या आईनं बोल लावले, पण गेले. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधली होती, सुपारीचे घोस, तवशी, चिबूड आणि रानातली माझ्या माहितीची नसलेली फळं. मागे ती भिंत. आरतीला अख्खा वाडा जमला होता. फ्लेक्सच्या सवयीमुळे असेल, पण माणसं भिंतीला बोट लावून बघत होती. शेजारच्या घरची म्हातारी आबाला म्हणाली, "आमच्या घरा येशात पुढल्या वर्सा?" तो म्हणाला, "बघूया. हात आसलो तर." पण चेहरा लपत नव्हता. मग ती माझ्या तांबूस पोपटापाशी वाकली आणि तिनं विचारलं, "आणि ही कोंबी कोणी काढल्यान?"

टीव्हीसाठी मी चाकांचं टेबल करून दिलं. चवथीला तो आतल्या खोलीत जातो. मुलानं सांगितलेला फ्लेक्स छापून आला होता, हिमालयाचा. तो मागच्या पडवीत लाकडांवर घातला आहे. लाकडं कोरडी राहतात. तेव्हापासून नव्या घरात पाऊल टाकलं की माप घेण्याआधी मी विचारते, गणपती कुठे बसतो. आणि उत्तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून घेते.

पुढल्या वर्षी श्रावणात फोन आला. ह्या खेपेला सुनेचा नाही, आबाचा. "चुनो भिजत घातलंय," एवढंच म्हणाला आणि ठेवला. मी गेले तर तो बाही दुमडून तयार होता. भिंत वर्षभरात थोडी मळली होती, पण शेष जागच्या जागी, लाटाही. एवढं सगळं आता चुन्याखाली जाणार होतं. मी फोनवर फोटो काढायला लागले. आबाला ते पसंत नव्हतं, पण थांबला. मग म्हणाला, "जाला मगे?" आणि केगदीचा मोठा कुंचला चुन्यात बुडवून भिंतीकडे वळला. हात आदल्या वर्षीपेक्षा जास्त कापत होता. मला वाटलं, वरून सुरुवात करील.

तो उकिडवा बसला, आणि सगळ्यांत आधी त्यानं माझा पोपट पुसला.

"ह्या वर्सा बरो काढ," म्हणाला.